मदत हवी आहे : कंपाउंड धनुष्याची केबल स्वतः तयार करताना धागे आणि पीळ किती ठेवावेत?

नमस्कार. मी तिरंदाजीच्या कंपाउंड प्रकारात (टोकांना चाके असलेले धनुष्य) 50 मीटरवर सराव करतो आणि माझ्या धनुष्याची ओढ 54 पौंड आहे. गेल्या उन्हाळ्यापासून पूर्ण खेचल्यावर वरचा कॅम (धनुष्याच्या टोकाचे चाक) खालच्याच्या किंचित आधी थांब्याला टेकतो. एका केबलला (कॅमना जोडलेल्या दोरीला) दोन पीळ जास्त देऊन दोन्ही कॅम जुळवले, परंतु पंधरवड्यात पुन्हा तोच फरक दिसू लागला. केबल गार्डच्या (केबल बाणाच्या वाटेतून बाजूला धरणाऱ्या दांड्याच्या) रोलरजवळ सर्व्हिंग (केबलवर गुंडाळलेला संरक्षक दोरा) सरकले असून, तिथे नख फिरवल्यावर दोन तंतू तुटलेले जाणवतात, त्यामुळे ही केबल वापरणे मला सुरक्षित वाटत नाही.

नवी केबल 452एक्स धाग्याची करण्याचा विचार आहे. त्यातील व्हेक्ट्रन या कृत्रिम तंतूमुळे सततच्या ताणाखाली लांबी वाढत नाही, हे माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. बाणाच्या वेगात थोडी घट झाली तरी चालेल. मात्र 24 धागे घ्यावेत की 28, हे ठरत नाही, कारण जाड केबल कॅमच्या खाचेत नीट बसली नाही तर सर्व्हिंग लवकर झिजेल, अशी भीती वाटते.

सर्व्हिंग चढवण्यापूर्वी 300 पौंडांचा ताण किती वेळ ठेवावा? तसेच गार्डच्या बाजूच्या ओढीमुळे वरचा कॅम कलतो, तो योकच्या (केबलच्या दुभंगलेल्या टोकाच्या) दोन्ही फाट्यांना कमी-अधिक पीळ देऊन सरळ करताना आपण सुरुवात किती पिळांपासून करता? ज्यांनी स्वतः केबल बांधली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.