‘आरोग्य संरक्षण’ म्हणजे नेमकं कोणाचं संरक्षण?

चौकस ताई: मंडळी एक शंका आहे. 1897 चा साथरोग कायदा आता पुरत नाही, असं विधी आयोगाने (सरकारला कायद्यांतले बदल सुचवतो तो) फेब्रुवारी 2024 च्या 286 व्या अहवालात म्हटलंय, त्यावर आमच्या बचत गटाच्या ग्रुपसाठी सोप्या मराठीत टिपण लिहायला घेतलं. मथळा दिला ‘आरोग्य संरक्षण कायदा’, तर लगेच दोघींचा मेसेज, पाच लाखांच्या उपचारांच्या आयुष्मान कार्डाबद्दल आहे का? आणि कायद्याच्या मसुद्यावर लोकांचं मत मागवतात त्या पब्लिक कन्सल्टेशनला काय लिहू, सल्लामसलत का जनसुनावणी?

रिटायर्ड कारकून: त्या दोघींचं काही चुकलं नाही. 2018 च्या बजेटात ती योजना आली तेव्हा तिचं नाव आरोग्य संरक्षण योजनाच होतं, ‘जनआरोग्य’ मागाहून झालं. त्यामुळे संरक्षण म्हटलं की लोकांच्या डोक्यात हॉस्पिटलचं बिल. सरळ ‘साथरोग कायदा’ लिहा. कन्सल्टेशनला आमच्या हापिसात एकच शब्द, ‘हरकती व सूचना’. जनसुनावणी म्हणजे समोरासमोर बसून, एखादा प्रकल्प येणार असला की पर्यावरणासाठी घेतात ती. सल्लामसलतीत दोन्ही बाजू बोलतात, हरकती-सूचनांत आपण लिहायचं आणि त्यांनी फायलीला लावायचं, त्यामुळे हाच शब्द जास्त प्रामाणिक 😄

कोर्टाची पायरी: काका, पण संरक्षण हा शब्द सोडू नका. मूळ कायदा जेमतेम चार कलमांचा, त्यातल्या चौथ्याचा मथळाच संरक्षणाचा आहे, आणि ते कोणाला तर कायद्याखाली कारवाई करणाऱ्याला, ‘सद्भावनेने’ केलेल्या गोष्टीसाठी त्याच्यावर दावा लावता येत नाही. 2020 च्या दुरुस्तीत डॉक्टर, नर्स वगैरेंवर हल्ला करणाऱ्याला 3 महिने ते 5 वर्षं कैद आली, ते हवंच होतं. पण पेशंटला आणि त्याच्या घरच्यांना संरक्षण कुठल्या कलमात आहे ते शोधून दाखवा. आणि ‘धोकादायक साथरोग’ कशाला म्हणायचं हेही मूळ कायद्यात सांगितलेलं नाही.

पेठेतला: चौथ्या कलमाचा अर्थ पुण्याला कोणी शिकवायला नको. 4 फेब्रुवारी 1897 ला कायदा झाला, मार्चपासून पुण्यात रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्लेग कमिटीचे गोरे सोल्जर घराघरात घुसून झडत्या घेत होते आणि 22 जूनला गणेशखिंडीत चापेकरांनी रँडला गोळी घातली. आणि हो, त्याच प्लेगात रुग्णांची सेवा करताना 10 मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या, प्लेगचा विषय निघाला की लोक हे विसरतात.

रात्रपाळी सिस्टर: ताई, हरकत घ्यायचीच तर ‘विलगीकरण’वर घ्या!! आजारी माणसाला वेगळं ठेवणं म्हणजे आयसोलेशन, आणि ठणठणीत पण पेशंटच्या संपर्कात आलेल्याला वेगळं ठेवणं म्हणजे क्वारंटाईन. काही जण दुसऱ्याला अलगीकरण म्हणतात पण कोविडमध्ये सगळीकडे सरसकट विलगीकरणच चाललं, बोर्डावर एक आणि फॉर्मवर भलतंच, नातेवाईक आमच्याशी भांडायचे की आमच्या माणसाला काही झालेलं नाही मग ठेवलंय कशाला, आणि त्यांचं बरोबरच होतं. धडधाकट माणसाला किती दिवस ठेवायचं, त्याची बुडालेली मजुरी कोण देणार, हे दोन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय लिहिणार कसं?

कोर्टाची पायरी: +1 सिस्टर. 2017 ला केंद्राने सार्वजनिक आरोग्य विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता त्यात क्वारंटाईन, आयसोलेशन, सोशल डिस्टन्सिंग सगळ्याच्या व्याख्या होत्या, म्हणजे कोविडच्या तीन वर्षं आधी! त्याचा कायदा काही झाला नाही. 2014 पासून केंद्राचं धोरण आहे की मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवावा, पण मराठीत ठेवला नाही तर तीस दिवसांत आमच्या अशिलांनी काय वाचायचं?

चौकस ताई: सगळ्यांना थँक्यू. मथळा ‘साथरोग कायदा: आपल्या हरकती व सूचना’ करते, सिस्टरचा मुद्दा पहिला घेते, आजारी आणि संपर्कातला असे दोनच शब्द वापरून. आता फक्त ‘सद्भावनेने’ अडलंय, बायका म्हणतील हे काय असतं.

रिटायर्ड कारकून: ‘हेतू चांगला असेल तर’ असं लिहा.

पेठेतला: मग विचारतील, चांगला होता हे ठरवणार कोण.

चौकस ताई: विचारू देत की, तीच दुसरी हरकत म्हणून घालते.