गर्भपिशवीची दुर्बीण तपासणी: जागेवरची भूल पुरते का?

शाहूपुरीची_सून
माझ्या मोठ्या जाऊबाईंची नुकतीच हिस्टेरोस्कोपी (गर्भपिशवीत दुर्बीण घालून तपासणी) झाली, इथंच कोल्हापुरात. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागलं, सोनोग्राफीत अस्तर जाड दिसलं. अशा वेळी तपासून घ्यायलाच हवं, त्यावर वाद नाही. डॉक्टर म्हणाले, "पूर्ण भूल कशाला? जागेवरची देतो. पाळीत दुखतं तेवढंच दुखेल."

तपासणीला तुकडा घेताना त्या टेबलाची कड धरून ओरडल्या. सिस्टर काय म्हणाव्यात? "दोन पोरं काढलीत नव्हं? मग एवढ्याला काय?" दोन्ही वेळा सीझर झालंय, हे फायलीच्या पहिल्याच पानावर होतं.

इंजेक्शन देतात ते पिशवीच्या तोंडाशी. तेवढा भाग बधिर होतो. पण पिशवीच्या वरच्या भागाच्या नसा वेगळ्या वाटेनं, पाठीच्या कण्यात बऱ्याच वर जातात. त्यांना या इंजेक्शनाचा पत्ताच नसतो. आत सलाइन भरून पिशवी फुगवली, वरच्या भागातून तुकडा घेतला, की कळ येणारच. मग "सुन्न केलंय" हे अर्धंच खरं ना? पूर्ण भुलेचा पर्याय आधी सांगा, आणि बाई थांबा म्हणाली की थांबा. एवढंच म्हणणं आहे.

राधानगरी_रोड
ताई, जाऊबाईंना त्रास झाला ते वाईटच, आणि त्या सिस्टरचं बोलणं तर अजिबात पटलं नाही. पण एकीच्या अनुभवावरून नियम काढू नका. माझी अशीच झाली. तासभर आधी दुखण्याची गोळी दिली होती, चिमटा-बिमटा काही लावला नाही, बारीक दुर्बीण थेट आत. पोटात कळ आली नि गेली. दुपारी घरी येऊन भाकऱ्या थापल्या.

पूर्ण भूल म्हणजे आधी रक्त, ईसीजी, सकाळपासून उपाशी, भूलतज्ज्ञांची फी वेगळी, नवऱ्याची रजा. हे ऐकूनच बायका "बघू पुढच्या महिन्यात" म्हणतात. पाळी गेल्यावर रक्त दिसणाऱ्या बाईनं असं लांबवणं परवडतं का?

तांबडा_पांढरा
राधानगरीताईंशी सहमत. आपल्याकडं ऊस तोडायला बीडकडच्या बायका येतात. २०१९ मध्ये तिकडच्या पिशव्या काढण्याच्या ऑपरेशनांवरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय ना? आत काय आहे ते न बघताच "काढून टाका" म्हणणारे आहेतच. साधी, स्वस्त तपासणी भीतीनं मागं पडली, तर फावणार कुणाचं? लई ताणू नका.

शाहूपुरीची_सून
भीती मी घालत नाही, दादा. "काही होत नाही" म्हणून टेबलावर घेतात ना, तिथून भीती सुरू होते. ब्रिटनमध्ये याच्यावर बायकांनी मोहीम चालवली, पार्लमेंटात विषय गेला. तिथं साधारण तीनातल्या एकीनं दहापैकी सात किंवा त्याहून जास्त दुखल्याचं सांगितलंय. स्त्रीरोगतज्ज्ञांचं त्यांचं रॉयल कॉलेजही म्हणतं, की पर्याय आधी द्या.

तांबडा_पांढरा
म्हणजे उरलेल्या दोघींना तेवढं दुखलं नाही! आणि तिथं बिल सरकार भरतं. इथं कोण भरणार?

निवृत्त_भूलतज्ज्ञ
दुखणं आणि धोका या दोन गोष्टींची इथं मिसळ झाली आहे. जागेवरची भूल म्हणजे बिनधोक असं नाही. जागा बधिर करायच्या औषधाची, साध्या लिग्नोकेनची, मर्यादा किलोमागे साधारण ४.५ मिलिग्रॅम. ५० किलोच्या बाईला २ टक्क्यांचं औषध ११ मिलिलिटरच्या आसपास, बस. पिशवीच्या तोंडाशी रक्तवाहिन्यांचं जाळं दाट असतं, म्हणून सुई टोचल्यावर दट्ट्या मागं ओढून रक्त येतं का बघायचं, मगच औषध सोडायचं. ओठाला मुंग्या, कानात गुणगुण ही औषध रक्तात जास्त गेल्याची खूण, आली तर लगेच सांगा. पिशवीचं तोंड ताणलं जाताना नाडी मंदावून घाम फुटतो, डोळ्यांपुढं अंधारी येते, ते निराळं. आडवं ठेवून पाय वर केले की बहुतेक वेळा सावरतं. नाडी वाढवणारं ॲट्रोपिन मात्र हाताशी हवं.

उलट धडधाकट बाईला थोड्या वेळाची पूर्ण भूल आज पुष्कळ सुरक्षित आहे. दमा, हृदयविकार, फार वजन असेल तर मीच जागेवरची सुचवेन. शिवाय जागी बाई "आई गं" म्हणते, तो डॉक्टरलाही इशारा असतो.

शाहूपुरीची_सून
डॉक्टर, बाकी सगळं मान्य. पण इशारा मिळावा म्हणून बाईनं दुखून घ्यायचं? आणि जाऊबाईंनी इशारा दिलाच होता की. ऐकला कुणी?

निवृत्त_भूलतज्ज्ञ
ऐकायला हवा होता.

कळंब्याची_लेक
माझी पुढच्या गुरुवारी आहे. मूल नाही, पाळीत आधीच गडाबडा लोळते. डॉक्टरांना काय विचारू?

निवृत्त_भूलतज्ज्ञ
हे दोन्ही त्यांना आधीच सांगा. मूल न झालेल्या, पाळीत फार दुखणाऱ्या बायकांना जास्त दुखण्याची शक्यता असते. दुर्बीण किती जाडीची, गोळी कधी घ्यायची, तुकडा घेणार का, हे विचारा. आणि एक गोष्ट कुणी विचारत नाही: त्या दिवशी भूलतज्ज्ञ तिथं असणार आहेत का? लहान दवाखान्यात आम्ही फोन आल्यावर जातो. "लागली तर भूल देऊ" या शब्दाला माणूस हजर असेल तरच अर्थ.

राधानगरी_रोड
मग आधी जागेवर बघायचं, नाही सोसलं तर पूर्ण भूल. हे तर दोघांनाही चालेल की.

निवृत्त_भूलतज्ज्ञ
चालेल, पण त्यासाठी उपाशीच यावं लागतं. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. सकाळी चहा-पोहे खाऊन आलात, तर त्या दिवशी दुसरा पर्याय उरत नाही.

शाहूपुरीची_सून
जाऊबाईंना नाश्ता करून या म्हणून सांगितलं होतं.