आईच्या गुडघ्यात बोन मॅरोचं इंजेक्शन: घ्यावं का?

सातारकर: आई ६८ वर्षांची. दोन्ही गुडघ्यांतली गादी झिजलीय. जिना उतरते ती कठडा धरून, आडवी, एकेक पायरी. एका डॉक्टरांनी सुचवलंय की कमरेच्या हाडातून मज्जा (बोन मॅरो) काढायची, मशीनमध्ये फिरवून स्टेम सेलचा, म्हणजे नव्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशींचा, भाग वेगळा करायचा आणि गुडघ्यात टोचायचा. माझं मत घ्यावं असंच आहे. आपल्याच शरीरातलं तर आहे, हरकत काय? ऑपरेशन टळलं तर सोन्याहून पिवळं.

मेथीची जुडी: शरीरातलं तर पित्तही असतं, ते कोणी गुडघ्यात घालतं का! २०१७ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांचा अभ्यास आला होता. दोन्ही गुडघे दुखणारी २५ माणसं घेतली. प्रत्येकाच्या एका गुडघ्यात मज्जा, दुसऱ्यात नुसतं सलाइन; कुठल्यात काय, ते पेशंटला माहीत नाही. सहा महिन्यांनी दुखणं कमी झालेलं. दोन्ही गुडघ्यांचं, सारखंच.

आडवाटेचा गडी: कागदावरचं राहू द्या ताई. कोविडनंतर स्टिरॉइडमुळे माझा खुबा गेला होता, हाडाच्या गोळ्याला रक्तच पोचेना. सर्जननी हाडाला भोक पाडून आतला दाब कमी केला आणि माझीच मज्जा तिथे सोडली. पॅरिसचे सर्जन हर्निगू हे कधीपासून करताहेत. मज्जा काढली तिथे चार दिवस गाढवानं लाथ घातल्यासारखं ठणकत होतं, पण आज मांडी घालून जेवतो.

मेथीची जुडी: दादा, बरं वाटलं वाचून. पण गुण भोकाचा की मज्जेचा, कसं सांगणार? शिवाय तुमचं हाड, काकूंची कूर्चा, म्हणजे ती झिजलेली गादी. मोडलेलं हाड आपलं आपण सांधतं. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. आणि १९९१ साली ज्यांनी मज्जेतल्या या पेशींचं 'मेसेन्कायमल स्टेम सेल' असं बारसं केलं, त्या अर्नोल्ड कॅप्लान यांनीच २०१७ मध्ये लिहिलं, हे नाव बदला. या पेशी गवंडी नाहीत, मुकादम आहेत. रसायनं सोडून आजूबाजूच्यांना कामाला लावतात.

आडवाटेचा गडी: मुकादम का असेना, काम होतंय ना? २०२२ मध्ये बंगळुरूच्या स्टेमप्यूटिक्स कंपनीच्या इंजेक्शनला सरकारी मंजुरी मिळाली, गुडघ्यासाठीच! त्याही मज्जेतल्याच पेशी.

मेथीची जुडी: त्या दात्यांकडून घेऊन लॅबमध्ये वाढवलेल्या, मोजून भरलेल्या. ताज्या मज्जेत लाख पेशींमागे अशा एक ते दहा सापडतात. मशीनमध्ये नुसतं फिरवून किती वाढणार?

सातारकर: काल डॉक्टरांना विचारलं, सिरिंजमध्ये पेशी किती असतात, मोजता का? 'त्याची गरज नसते' म्हणाले आणि पुढची तारीख दिली. ती मी अजून पक्की केलेली नाही. आईला सलाइनवाला किस्सा सांगितला तर म्हणते, मग दोन्हीत सलाइनच टोचा की, स्वस्तात पडेल.