पाऊस गेल्यावर फुलणारी परड्यातली फुलं: तुमचे अनुभव लिहा

उत्तरेश्वरची लेक
काल किरणोत्सवाला गेले होते. 9 ते 11 नोव्हेंबर, मावळतीची किरणं कोल्हापूरच्या अंबाबाईच्या पायापासून वर चढतात ते बघायला. माझ्या पुढं एक आजी उभ्या होत्या, अंबाड्यावर अबोली आणि पिवळी कोरांटी गुंफलेली वेणी. घरी केलेली, बघताक्षणी कळत होतं. मला एकदम आमचं पेठेतलं घरामागचं परडं आठवलं.

ऑक्टोबरच्या उन्हानं काळ्या मातीला भेगा पडल्या की आई म्हणायची, आता आपली फुलं सुरू होतील. नळाला पाणी कमी, झाडांना तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी मिळायचं, तेवढ्यावर कोरांटी, अबोली, शेवंती फुलायची. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घटाला विकतचं फूल कधी आणलं नाही आम्ही. श्रावणातल्या फुलांचं कौतुक सगळेच करतात. मला ही पाऊस सरल्यावर, थोडक्या पाण्यावर येणारी फुलं जास्त जवळची. तुमच्याकडं काय फुलायचं, काय फुलतंय?

टेरेसवाला
कोरांटी!! काटे कसले टोचायचे. आमच्यात जांभळी पण होती. आता फ्लॅट, कुंडीतली बोगनवेल तेवढी आहे. तिला दिवाळीनंतर पाणी तोडायचं. पानं मान टाकायला लागली की मग एकदाच भरपूर. रोज पाणी घातलं तर नुसता पाला वाढतो.

मंगळवारपेठी
माझ्या शेवंतीचं सांगा की कुणीतरी. पाला झक्कास, कळी एक नाही. शेजारच्या वहिनींना मीच फांदी दिलो, त्यांच्यात फुलून आलीय. शेणखत घातलो, सगळं केलो.

अबोली आवडे
अबोलीची वाळलेली बोंडं पाण्यात टाकून कोण बघायचं? फटकन फुटतात आणि बी लांब उडतं. आम्ही भावंडं वाटीत पाणी घेऊन बसायचो. उडालेलं बी पुढच्या पावसात कुठंही उगवायचं, फरशीच्या फटीत सुद्धा.

मातीतला माणूस
मंगळवारपेठी, कुंडी रस्त्याच्या दिव्याखाली आहे का हो?

मंगळवारपेठी
व्हय! गेटजवळ हाय, दिवा बरोबर डोक्यावर. रातभर चालू.

मातीतला माणूस
मग तेच कारण. रात्र मोठी व्हायला लागली की शेवंती कळी धरते, आणि ती रात्र सलग अंधारी पाहिजे. मधे उजेड पडत राहिला की झाड पालाच वाढवत राहतं. मागच्या अंगणात न्या. हलवता येत नसेल तर दिवे लागायच्या आधी खोकं किंवा काळं जाड कापड झाका, सकाळी काढा. कळ्यांना रंग दिसेपर्यंत रोज. शेंडे आता खुडू नका, ते पावसाळ्यातलं काम. आणि देठाला काळा मावा, म्हणजे ती बारीक कीड, दिसली तर साबणाचं पाणी मारा.

मंगळवारपेठी
लई उपकार झाले दादा. आत्ताच पोराला उठवलो कुंडी उचलायला.

कळंब्याची
बुचाचं कुणीच लिहिलं नाही? अंगणातलं नाही म्हणा, कॉलनीच्या कोपऱ्यावरचं उंच झाड. सकाळी दूध आणायला गेलं की रस्ता पांढरा. लांब देठांची फुलं, सुईदोरा न घेता देठात देठ अडकवून वेणी व्हायची. शाळेत बाईंना द्यायला चढाओढ. कुकर झालाय, नंतर लिहिते अजून.

निशिगंध
आमच्या दारात कुंदाचा वेल आहे, आईनं लावलेला. थंडी पडली की पांढराशुभ्र होतो. आई मागच्या पावसाळ्यात गेली. परवा पहिल्या कळ्या दिसल्या. देवपूजेला तोडू की वेलावरच राहू देऊ, कळेना झालंय.

उत्तरेश्वरची लेक
ताई, तोडा. आई देवाला घालायच्याच ना? थोडी त्यांच्या फोटोला पण वाहा. आणि वेल आत्ता छाटू नका, बहर संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी छाटा.

निशिगंध
हो, तसंच करते. बरं वाटलं लिहून.

गुऱ्हाळकर
विषय फुलांचाच आहे म्हणून सांगतो. आमच्यात या दिवसांत गुऱ्हाळ पेटतं. चुलाण्यातली चिपाडाची राख गार झाली की आई पाटीभर घेऊन जायची आणि शेवंतीच्या, झेंडूच्या बुडात पसरायची. राखेत पालाश, म्हणजे पोटॅश असतं. पण मूठभरच, जास्त घालू नका.

टेरेसवाला
गुऱ्हाळ चालू झालं? काकवी मिळेल का?

गुऱ्हाळकर
या की, कागलच्या अलीकडं आहे. बरणी घेऊन या.

अबोली आवडे
काकवी आणि गरम भाकरी 😋 मला पण पाहिजे. राख पण द्या दादा पिशवीभर.

कळंब्याची
आले परत. पिवळ्या कोरांटीचं रोप कुणाकडं आहे का? नर्सरीत विचारलं तर मोठ्या फुलांची शेवंती दाखवतात. मला साधी काटेरीच पाहिजे.

उत्तरेश्वरची लेक
माझ्या मामींच्या परड्यात आहे, खाली रोपंच रोपं उगवलीत. रविवारी सकाळी रंकाळ्यावर येते फिरायला, भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळून आणते. अजून कुणाला पाहिजे?

मंगळवारपेठी
मला दोन. येताना तुम्हाला शेवंतीच्या फांद्या आणतो.