शब्दचर्चा: ‘क्रिम्प’ला मुरड म्हणावं का?

प्रश्न (सांगली)
पिस्तुलाची काडतुसं पुन्हा भरण्यावरचं एक इंग्रजी टिपण मराठीत आणतोय. ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ पोर्तुगिजांकडून आले आणि आपलेच झाले. रिकाम्या काडतुसाला बातम्यांत पुंगळी म्हणतात, तोच शब्द घेतला. ‘कास्ट बुलेट’ म्हणजे शिशाची ओतीव गोळी. किर्लोस्करवाडीच्या जिल्ह्यात ‘ओतीव’ कुणाला समजवायला नको.

अडलोय ‘क्रिम्प’पाशी. गोळी बसवल्यावर पुंगळीचं तोंड तिच्यावर दाबतात, ते. ‘मुडपणे’ लिहिलं, पण कागद मुडपल्यासारखं वाटतं.

मिरज
मुरड! करंजीच्या कडेला घालतो तीच. गौरीला निरोप देताना मुरडीचे कानवले करतात, ते आठवा. कड आत वळवून बंद करणं यासाठी याहून नेमका शब्द नाही.

सातारा
शब्द फार चांगला आहे, पण तो निम्म्याच ठिकाणी चालेल, आणि उरलेल्या निम्म्यात घात करेल.

रिव्हॉल्व्हरच्या .३८ स्पेशल काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली किनार असते. चेंबरमध्ये, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या खोबणीत, ते त्या किनारीवर टेकतं, म्हणून तोंडाची कड आत वळली तरी चालते. ओतीव गोळीला त्यासाठी खाच ठेवलेली असते, कड त्या खाचेत बसते. ही खरी मुरड.

पिस्तुलाच्या ९ मिमी किंवा .४५ एसीपी काडतुसाचं तसं नाही. (९ मिमी आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळत नाही, पण इंग्रजी टिपणं बहुतेक त्याचीच.) हे काडतूस तोंडाच्या कडेवरच टेकतं. कड मुरडली, तर टेकायला जागा उरत नाही आणि काडतूस हवं त्यापेक्षा आत सरकतं. गोळी बसवण्याआधी तोंड किंचित फाकवलेलं असतं. ते परत सरळ होईल एवढंच इथे दाबायचं. याला ‘आवळणे’ म्हणा, नाम हवं तर ‘आवळणी’.

आणि कृपा करून ‘घट्ट आवळा’ लिहू नका. जास्त दाबलं की पुंगळीचं पितळ थोडं मागे येतं, गोळीचं शिसं मात्र दबलं ते दबलंच. मग गोळी उलट सैल होते, आणि बारीक झालेली गोळी नळीत शिसं माखत जाते.

सांगली
हा फरक मला दिसलाच नव्हता. दोन्हीकडे एकच शब्द लिहून बसलो होतो. ‘गोळी बसवताना शिसं तासलं जातं’ असंही एक वाक्य आहे, तिथे ‘खरवडलं’ योग्य वाटेल का?

सातारा
तासलं जातं हेच बरोबर, सुतारासारखी सालच निघते. तोंड पुरेसं फाकवलेलं नसलं किंवा बसवणं नि आवळणं एकाच दाबात उरकलं, की असं होतं. ‘आधी बसवा, मग वेगळ्या डायने (दाबायच्या साच्याने) आवळा’ असं दोन वाक्यांत लिहा. ‘बसवून आवळा’ लिहिलंत तर वाचणारा एकाच दमात करेल.