हाताने केलेली कॉफी : कुठे अडलं, कसं सुटलं?

घरी हाताने कॉफी करायला लागलं की प्रत्येकाचं काही ना काही अडतं. कृती हव्या तेवढ्या मिळतात. पण आपला कप नेमका कशामुळे बिघडत होता आणि काय बदलल्यावर सुधारला, हे फारसं कोणी सांगत नाही. तेच इथे लिहूया. सुरुवात मी करते.

वर्षभर मी चमच्याने मोजत होते. एक दिवस कॉफी झकास, दुसऱ्या दिवशी पांचट. वजनकाटा आणला तेव्हा कळलं की चमच्याचा काही भरवसाच नाही. कमी भाजलेले दाणे घट्ट आणि जड असतात, जास्त भाजलेले फुगून हलके होतात. चमचा तोच, वजन निराळं. तेव्हापासून १५ ग्रॅम कॉफीला २५० ग्रॅम पाणी, तेही काट्यावर भांडं ठेवूनच.

तरी कॉफी आंबटच लागायची, आणि इथे मी बरेच दिवस उलट्या वाटेने गेले. मला वाटायचं ती पुरेशी कडक नाही, म्हणून पूड वाढवत राहिले. आंबटपणा आणखीच टोचायला लागला. कडक होणं आणि नीट उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला माहीत नव्हतं. आंबट चवी पाण्यात लवकर उतरतात, गोडवा मागाहून, कडवट-तुरट शेवटी शेवटी. माझं दळण इतकं भरड होतं की फिल्टरवर ओतलेलं पाणी दोन मिनिटांच्या आत खाली जायचं. ग्राइंडर तीन खटके बारीक केला, बाकी कशालाही हात लावला नाही. वेळ तीन मिनिटांवर गेली आणि त्या कपात पहिल्यांदा गोडवा लागला, पिकलेल्या फळासारखा. तो कप मी पार गार होईपर्यंत पुरवून प्यायले.

*

माझं घोडं दळणातच अडलं होतं. मिक्सरमध्ये दाणे फिरवायचो. एकाच कपात आंबटही आणि कडूही, हे कसं ते काही उमगेना. शेवटी ती पूड चहाच्या गाळणीतून चाळून कागदावर पसरली. खाली पिठासारखी भुकटी, वर दाण्यांचे अर्धेमुर्धे तुकडे! भुकटीतून सगळं ओरबाडून निघत होतं, तुकडे आतून जवळजवळ कोरडे राहत होते. पातं दाणे तोडतं. दात असलेला ग्राइंडर दोन चक्रांच्या फटीतून ते सारखे करून सोडतो. हाताने फिरवायचा घेतला. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर ड्रिपर (फिल्टर बसवायचं शंकूसारखं भांडं) किंवा देखणी किटली नंतर घ्या, आधी हा घ्या.

*

वरच्या दोघांना एक पुस्ती. पाणी ओतल्यावर पूड फुगून वर येते, त्याकडे मी आधी लक्षच देत नव्हते. भाजताना दाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गरम पाणी लागताच तो बाहेर पडतो. तो निघत असताना पाणी पुडीत नीट शिरत नाही. म्हणून आधी पुडीच्या दुप्पट-तिप्पट वजनाचं पाणी घालून ३०-४५ सेकंद थांबायचं, मग बाकीचं. भाजून दोनच दिवस झालेली कॉफी मी मोठ्या उत्साहाने केली होती, ती कर्कश लागली. तीच पिशवी दोन आठवड्यांनी इतकी गोल, मऊ लागली की आता ताज्या पिशवीला मी चार दिवस हातच लावत नाही.

*

आमच्याकडे सगळं जागच्या जागी होतं आणि कॉफी तरीही सपाट! दाणे बदलले, दळण बदललं, व्यर्थ. पाण्याचा संशयच आला नाही, कारण ते स्वच्छ होतं. पण आमच्या शुद्धीकरण यंत्रातून येणाऱ्या पाण्यात क्षार जवळपास उरतच नव्हते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम थोडं असेल तर चवी चांगल्या उतरतात. बायकार्बोनेट फार असेल तर फळासारखी आंबट-गोड छटा दबून जाते. एकदा खनिजं असलेल्या बाटलीच्या पाण्याने कॉफी केली आणि घरातल्या सगळ्यांनी विचारलं, दाणे नवे आणलेत का?

*

कागदाची चव कोणाला लागते का? मला लागायची. आता फिल्टर बसवला की आधी गरम पाण्याने धुते, भांडंही आयतं तापतं. कागदाने गाळायची ही वाट मेलिटा बेंट्झ यांनी १९०८ साली शोधली. कपातल्या चोथ्याला कंटाळून छिद्रं पाडलेल्या पितळी भांड्यात त्यांनी मुलाच्या वहीतला टीपकागद घातला होता. रोज सकाळी फिल्टरची कडा दुमडताना मला त्यांची आठवण येते.

*

फ्रेंच प्रेसवाल्यांसाठी, म्हणजे जाळीचा दट्ट्या असलेल्या भांड्यात कॉफी करणाऱ्यांसाठी, थोडक्यात. ३० ग्रॅम जरा भरड पूड, ५०० ग्रॅम पाणी. चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने हलवा, तरंगणारा फेस काढून टाका आणि आणखी पाच मिनिटं अजिबात हात लावू नका. दट्ट्या तळापर्यंत दाबू नका, पृष्ठभागापाशीच ठेवून हळूच ओता. चोथा तळाशी बसलेला असतो, कॉफी स्वच्छ येते. घाई हीच माझी एकमेव चूक होती.

*

दळण, वेळ, पाणी सगळं वाचूनही मला जिभेवर ओळख पटत नव्हती. आंबट म्हणजे कितपत आंबट? एका सुट्टीच्या दिवशी ड्रिपरखाली तीन कप ठेवले आणि एकच धार तिघांत वाटली. पहिला तिसरा हिस्सा पहिल्या कपात, मधला दुसऱ्यात, शेवटचा तिसऱ्यात. पहिला काळाभोर, दाट, तोंड आक्रसून टाकणारा आंबट. दुसरा सौम्य, गोडसर. तिसरा चहाच्या रंगाचा, पातळ, जिभेच्या मुळाशी तुरट. एकेकटा कुठलाच पिण्यासारखा नव्हता. मग चमच्या-चमच्याने तिसऱ्यातलं पहिल्यात मिसळत गेलो, आंबटपणा कुठे वळतो ते शोधत. कधी आंबटपणाची धार गेली आणि चव भरली ते जिभेने पकडलं. दुसऱ्या दिवशी नेहमीचा कप केला, पहिल्याच घोटाला कळलं की आज पाणी लवकर उतरलंय. घड्याळ नंतर पाहिलं : २ मिनिटं १० सेकंद.