रोबो काळ्या उंबऱ्यापाशी अडून बसतोय, ठेवू का परत पाठवू?

वायरींचा_गुंता:
मंडळी नमस्कार, आधीच कबूल करतो की मला गॅजेटचा नाद आहे, बायकोच्या भाषेत व्यसन. कपाटातला तिसरा खण माझ्या वस्तूंचा आहे आणि त्यातल्या निम्म्या वस्तू चार्ज करून वर्ष झालं असेल. तरी यंदा सेलमध्ये घर झाडायचा-पुसायचा रोबो घेतलाच, बावीस हजाराला, वर लेझरचा टोप फिरतो तो.

नाशिकला पाथर्डी फाट्याला तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके आहे. पहिल्या दिवशी त्याने दहा मिनिटांत हॉलचा नकाशा काढला, सोफ्याचे पायसुद्धा बरोब्बर दाखवले, मी तर मोबाईल घेऊन त्याच्या मागे मागे फिरत होतो. आणि मग बेडरूमच्या दाराशी गेला आणि थांबला. मागे आला, वळला, परत गेला, परत थांबला. आमच्याकडे सगळ्या दारांना खाली काळ्या ग्रॅनाइटचा पट्टा आहे (बिल्डरने सगळ्यांनाच दिलाय) आणि हा त्या पट्ट्यावर चढायलाच तयार नाही, वर इंग्रजीत सांगतो की पुढे खड्डा आहे. आई म्हणाली, "त्याला कळतंय बाबा, उंबऱ्यावर पाय देऊ नये. तुला इतकी वर्षं सांगून कळलं नाही."

दुसरं म्हणजे त्याने आईची देवघरापुढची रांगोळी ओढून घेतली आणि उरलेली ओल्या फडक्याने हॉलभर गुलाबी करून ठेवली, त्यावरून दोन दिवस घरात शांतता आहे. ॲपमध्ये तो भाग बंद करता येतो म्हणे पण ॲपला तो जोडलाच जात नाहीये, वायफाय दिसतच नाही म्हणतो, पहिला नकाशा शेजाऱ्यांच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काढला होता.

विकणाऱ्याचा नियम असा की सात दिवसांत वस्तू बिघडलेली असेल तरच बदलून देणार. आज चौथा दिवस. तर काळ्या पट्ट्याचं काही करता येतं का? आणि जाता जाता हेही सांगा की तुम्ही अलीकडे घेतलेल्या वस्तूंपैकी कुठली खरोखर वापरात राहिली, म्हणजे मलाही जरा धीर येईल.

सातपूरचा_फिटर:
भाऊ, बिघाड नाहीये तो, त्यामुळे बदलून आणलास तरी दुसरा पण तिथंच थांबेल.

रोबोच्या पोटाखाली कडेने तीन-चार छोट्या काचा असतात बघ उलटा करून. त्यातून इन्फ्रारेड उजेड खाली जमिनीवर पडतो आणि परत येतो, परत आला म्हणजे खाली जमीन आहे. नाही आला म्हणजे जिना किंवा खड्डा, मग तो मागे फिरतो. आता काळा रंग तो उजेड पिऊन टाकतो, परत फार थोडा येतो, म्हणून तुझा ग्रॅनाइट त्याला विहीर दिसतो. आमच्या कारखान्यातल्या लाईनवर हेच रोज चालतं, पांढरा प्लास्टिकचा पार्ट आला की फोटोसेन्सर लगेच पकडतो आणि काळं रबर आलं की जसं काही आलंच नाही, शेवटी तिथं दुसऱ्या प्रकारचा सेन्सर लावावा लागला.

आधी एक कर. पट्ट्यावर पांढरा कागद चिकटव, नीट, कडा उचलल्या नाही पाहिजेत, आणि सोड त्याला. चढला तर दोष रंगाचा. नाही चढला तर उंची मोज. साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत बरेचसे चढतात, त्यापुढे चाकं नुसती फिरत बसतात. रंगाचा प्रश्न निघाला तर फिक्या रंगाची मॅट पट्टी लावून टाक कायमची. चकचकीत नको.

आणि यूट्यूबवर बघून त्या काचांवरच पांढरी टेप लावू नकोस! आमच्या बहिणीच्या रो हाऊसमध्ये मेहुण्यांनी लावली होती. काळ्या फरशीवर मस्त चालला, आणि मग जिन्यावर पण तसाच चालला, एक एक पायरी मोजत खाली. टोप तुटला. त्याचे पैसे कोणीच देत नाही.

केरसुणी_झिंदाबाद:
बावीस हजार!! आमच्याकडे साठ रुपयांची केरसुणी आहे, काळ्यावर पण चालते पांढऱ्यावर पण चालते, वायफाय लागत नाही, आणि रांगोळी कुठंय ते तिला बरोबर कळतं.

इंदिरानगरची_मावशी:
केरसुणी झिंदाबाद म्हणणाऱ्यांच्या घरी ती केरसुणी कोण हातात घेतं ते पण लिहा म्हणजे चर्चा पुढे जाईल.

माझे गुडघे गेलेत, खाली वाकून पलंगाखालचं काढणं होत नाही, म्हणून मुलाने मागच्या वर्षी आणून दिला. मी स्वतः पहिला महिना त्याच्यावर चिडलेले होते. आता रोज अकराला सोडते. बाळा, तुझ्या वायफायचं सांगते, कारण आमच्याकडे हेच झालं होतं आणि मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर तासभर सांगत बसला होता. ह्या असल्या वस्तूंना बहुतेक करून २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय चालतं. राउटरमधून दोन निघतात, २.४ आणि ५, आणि दोघांना एकच नाव दिलेलं असलं की जोडताना गोंधळ होतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोघांना वेगळी नावं दे, मोबाईल २.४ वाल्याला जोड आणि मग ॲप उघड. माझं पहिल्या फटक्यात झालं. ५ वालं वेगाने चालतं पण भिंतीपलीकडे लवकर ढेपाळतं, म्हणून एरवी पण स्वयंपाकघरात मला २.४ च बरं पडतं.

एकदा ॲप चालू झालं की नकाशावर देवघरापुढे चौकोन काढ, तिकडे तो जातच नाही. मी चौकोन जरा मोठा काढलाय, उदबत्तीची राख पडते तेवढा. गोपद्मं, चैत्रांगण असेल तेव्हा त्या दिवशी सोडतच नाही.

कोणी सांगत नाही त्या गोष्टी म्हणजे, ब्रशला केस गुंडाळतात ते दर रविवारी ब्लेडने कापून काढावे लागतात. आमच्या शेजारी बांधकाम चालू आहे तर धुळीचा डबा दोन दिवसांत भरतो. फिल्टर धुवायचा की नुसता झटकायचा ते पुस्तकात बघ, मी न बघता धुतला आणि वाया घालवला. आणि लेझर त्याचा टोपाच्या उंचीवर फिरतो, त्यामुळे जमिनीवर पडलेली चार्जरची वायर, पायमोजा, लसणीची पाकळी त्याला दिसत नाही. सोडायच्या आधी खालचं उचलावं लागतंच. म्हणजे थोडंफार वाकणं आलंच, पण पलंगाखाली नाही जावं लागत.

गोल्फक्लब_सकाळी६:
तिसऱ्या खणाबद्दल वाचून बरं वाटलं, आमच्याकडे त्याला बुटांचं रिकामं खोकं म्हणतात.

माझं यंदाचं खूळ म्हणजे पळायचं घड्याळ. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर रोज सकाळी पाच किलोमीटर. पहिल्याच आठवड्यात घड्याळाने हार्ट रेट १७२ दाखवला आणि मी आरामात गप्पा मारत पळत होतो, मित्र म्हणाला डॉक्टरकडे जा, मी घाबरून खरंच ईसीजी काढून आलो, काही निघालं नाही. मग डोक्यात आलं की माझी पावलं मिनिटाला साधारण १७० पडतात! घड्याळ मनगटावर सैल होतं, प्रत्येक पावलाला हलत होतं, आणि त्याने नाडी सोडून पावलंच मोजली. मागची हिरवी लाईट कातडीतून रक्ताची ये-जा बघते, घड्याळ हललं आणि मधे बाहेरचा उजेड घुसला की ती गडबडते.

आता मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, घट्ट बांधतो, पळून झालं की परत सैल करतो. आकडे १४५ च्या आसपास आले. ज्याला अगदी नेमकं पाहिजे त्याने छातीचा पट्टा घ्यावा, तो हृदयाचे विजेचे ठोके घेतो. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना दोन्ही लावून बघितले, पायऱ्यांवर घड्याळ पट्ट्याच्या मागे राहतं, म्हणजे मी वर पोचून दम खात उभा असतो तेव्हा याचा आकडा चढत असतो.

झोपेचा स्कोअर, ताणाचा स्कोअर वगैरे बंद करून टाकलंय. सकाळी उठून मस्त वाटत असताना घड्याळ सांगणार की झोप ४८ टक्के झाली, कशाला पाहिजे ती कटकट. पण घड्याळ रोज हातात आहे, खोक्यात नाही गेलं.

पासवाला_पंचवटी:
माझी पॉवर बँक रोज वापरात आहे पण तिच्यावरून दुकानदाराशी भांडण करून झालंय आणि चूक माझीच होती, म्हणून लिहितो.

पंचवटी एक्स्प्रेसने आठवड्यातून तीनदा मुंबईला जातो. (हीच ती गाडी जिच्यात २०२५ च्या एप्रिलमध्ये एटीएम बसवलं होतं, तर गाडीच माझ्यापेक्षा गॅजेटवेडी आहे.) कसारा घाटात नेटवर्क येतं-जातं, फोन टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी खातो. म्हणून १०००० एमएएचची घेतली, फोन ५००० चा, हिशोब सरळ, दोनदा भरणार. भरला दीड वेळा. मी तडक दुकानात, म्हटलं नकली दिलीस.

त्याने शांतपणे खोक्यावरचा बारीक अक्षरातला आकडा दाखवला, रेटेड कपॅसिटी, ती सहा हजारच्या आसपास. झालंय काय की ते १०००० आतल्या सेलचे, ३.७ व्होल्टला. म्हणजे एकूण ऊर्जा ३७ वॉट-तास. बाहेर देताना ते व्होल्टेज वाढवून द्यावं लागतं, ५ व्होल्टला त्याचेच ७४०० उरतात, आणि त्यातलं पण काही उष्णतेत जातं, हात लावला तर गरम लागतेच की. फोनची ५००० ची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-तास. मग दीडपटच होणार. तेव्हापासून मी एमएएच बघतच नाही, वॉट-तास बघतो.

विमानात पण तोच आकडा बघतात, १०० वॉट-तासांपर्यंत चालते, आणि हातातल्या बॅगेतच, सामानात टाकायची नाही. ओझरहून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, माझ्यापुढच्या माणसाची बॅग यासाठीच उघडली होती.

निफाडचा_बागायतदार:
तुमच्या सगळ्या घरातल्या वस्तू, मी बाहेरची सांगतो.

आमची द्राक्षाची बाग आहे. मागच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी मी हवामानाचं यंत्र बसवलं बागेत. तापमान, आर्द्रता, पाऊस, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पान किती तास ओलं राहिलं ते. एक पानासारखी पट्टी असते वेलीत टांगलेली, तिच्यावर दव पडलं की तिला कळतं. डाऊनी रोगाला पसरायला पान ओलं लागतं, त्यामुळे ओलं किती वेळ राहिलं त्यावर फवारणी आज घ्यायची की दोन दिवस थांबायचं ते ठरतं. पोंग्यापासून (कोंब फुटतात तेव्हापासून) फुलोऱ्यापर्यंतचे दिवस तर असे असतात की रात्री झोप लागत नाही, आभाळ आलं की माणूस पंप जोडायला पळतो.

पण सुरुवातीला मी शहाणपणा केला. तापमानाचा सेन्सर पंपाच्या खोलीच्या पत्र्याला लावला, तिथं खिळा होता म्हणून. दुपारी ४४ दाखवायला लागला, नोव्हेंबरात, आमच्या निफाडात, जिथं थंडीत राज्यात सगळ्यात कमी पाऱ्याची बातमी दरवर्षी येते. पत्र्याचं तापमान मोजत होता तो. मग मांडवात, सावलीत, पांढऱ्या जाळीदार डब्यात बसवला तेव्हा कुठं जागेवर आला. दुसरं म्हणजे आतलं सिमकार्ड. रिचार्ज संपला आणि आठ दिवस मी जुनाच आकडा बघत बसलो होतो, मोबाईलवर तारीख लिहिलेली असते ती बघितलीच नाही. आठ दिवस पान कोरडं म्हणून मी खूश.

यंदा आमच्या चार फवारण्या कमी झाल्या. पाऊसही कमीच होता, सगळं श्रेय यंत्राला देत नाही. बाबा अजून पहाटे बागेत जाऊन पानाला हात लावूनच बघतात, मी अंथरुणातून मोबाईल बघतो, आणि बहुतेक वेळा दोघांचं एकच निघतं. ज्या दिवशी निघत नाही त्या दिवशी आम्ही बाबांचं ऐकतो.

वायरींचा_गुंता:
सगळ्यांचे आभार, काल सगळं करून बघितलं.

फिटर भाऊ, कागद लावला आणि साहेब दोन्ही बेडरूममध्ये तरातरा गेले. रंगाचाच दोष. स्वयंपाकघराच्या दाराशी मात्र कागद लावून पण अडला, मुलाची पट्टी घेऊन मोजलं तर तिथला उंबरा २६ मिलिमीटर आहे, म्हणजे तिथं तो चढणार नाही. तीन तास त्याच्यापुढे उतरता लाकडी तुकडा ठेवायचा विचार करत होतो पण मग आई त्याला अडखळेल, ते नको.

मावशी, वायफायचं तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं, दोन नावं दिली, लगेच जोडला. देवघरापुढे चौकोन काढलाय, जरा मोठाच. आईला दाखवला तर म्हणाली तुळशीपुढे पण काढ, तुळस बाल्कनीत आहे, तिकडे तो तसाही जात नाही, पण काढला.

घड्याळाचं आणि पॉवर बँकेचं वाचून तिसरा खण उघडला. पॉवर बँकेवर ३७ लिहिलंय, बारीक अक्षरात, तीन वर्षांत कधी वाचलं नव्हतं.

परत पाठवत नाहीये. स्वयंपाकघराचं असं ठरलंय की हॉल झाला की आई त्याला दोन्ही हातांनी उचलते आणि उंबऱ्यापलीकडे ठेवते, त्याच्या चाकाचा उंबऱ्याला स्पर्श होऊ न देता.

आता ती फिक्या रंगाची मॅट पट्टी कुठं मिळेल? मेनरोडला दोन दुकानं फिरलो, सगळीकडे चकचकीतच आहे.

सातपूरचा_फिटर:
माझ्याकडे अर्धा रोल पडलाय, बिस्किट कलर. रविवारी सातपूरला ये, दारांची रुंदी मोजून आण.